आधी समोरच्याने चूक कबूल करावी

पुण्यात, खराडीच्या एका ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बसवराज आणि नीलेश माझ्यासमोर बसले होते आणि दोघंही एसीकडे बघत होते. दोघं बेळगावचे, एकाच टीममधले. बसवराज कानडी, नीलेश मराठी. मुलांनो, बेळगाव कर्नाटकात असावं की महाराष्ट्रात, हे भांडण तुमच्या आईच्या जन्माआधीपासूनचं आहे. सीमेवर एका एसटी बसला काळं फासल्याची बातमी आली आणि ऑफिसच्या ग्रुपवर हे दोघं एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले. समेट झाला नाही तर एकाची हैदराबादला बदली होणार होती. नीलेश टीम लीड, म्हणजे जाणार बसवराज. त्याची मुलगी नुकतीच इथल्या शाळेत रुळली होती.

मी मानसशास्त्रज्ञ. असे तंटे मिटवायला कंपन्या मला बोलावतात. माझी पद्धत साधी आहे. कंपनीतलं कुणीतरी, इथे एचआरची ऋचा, दोघांना वेगवेगळं भेटून एकेक अट विचारते आणि नाव न सांगता मला कळवते. कारण चांगला प्रस्तावसुद्धा शत्रूकडून आला की माणसाला त्यात डाव दिसतो. जुन्या राजकीय भांडणांत तह बरेचदा इथेच अडतात. हे सगळं मी दोघांना नीट समजावून सांगितलं.

मग अटी मांडल्या. पहिली: दोघांनी मिळून ग्रुपवर माफी मागावी. दुसरी: आधी समोरच्याने चूक कबूल करावी, मग बोलू.

पहिलीचं मी कौतुक केलं. दुसरीवर म्हणाले, "हा हट्ट झाला. बसवराज, थोडं मोठं मन करा."

शेजारी बसलेल्या ऋचाने मान खाली घातली.

"मॅडम, पहिली अट माझी आहे," बसवराज म्हणाला. स्वच्छ मराठीत.

तिथेच माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "कुणाची ते जाऊ द्या, दोन्हींत काहीतरी मुद्दा असेलच."

"तेच म्हणतोय मी," नीलेश म्हणाला आणि खुर्चीत रेलून बसला. बसवराज उठून बाहेर गेला.

लिफ्टपाशी गाठून मी त्याची माफी मागितली. आसपास कुणी नव्हतं, म्हणून जमलं.

"राहू द्या हो," तो म्हणाला. "नीलेशला मी उत्तर तरी देऊ शकतो."

तो हैदराबादला गेला. अहवालात मी 'दोन्ही बाजूंची तयारी कमी पडली' असं लिहून दिलं. बाजू तीन होत्या.

भांडणाऱ्यांना निदान आपली बाजू ठाऊक असते. जिला ती ठाऊक नाही, तिला मध्ये बसवू नये.