हिराबाईंचा पाय, माझा पाय

“ही साधी जखम नाही. व्हीनस अल्सर आहे,” डॉक्टर म्हणाले. मी सातवीत शाळा सोडलेली. अल्सर पोटात होतो एवढंच ऐकून होते. पायाला कसा झाला?

डॉक्टरांनी समजावलं, “विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाणी माघारी खाली येतं ना? तुमच्या पायाच्या शिरांचं तसंच झालंय. रक्त वर चढायचं, ते खाली साचतंय. त्या दाबानं कातडी फुटली.”

आम्ही हिंगोलीकडचे. नवरा कुरकुंभला कंपनीत, बारा तासांची ड्युटी. मी तिथल्याच एका मेसमध्ये चपात्या करते. ओट्यापाशी उभं राहून पाय सुजायचा, घोट्याभोवती कातडी काळी पडलेली. आधी नुसती खाज होती. खाजवलं, फुटलं. त्यावर हळद भरली, मग कुणी सांगितलं म्हणून झाडपाला. जखम पाणीपुरीच्या पुरीएवढी झाली आणि वास यायला लागला, तेव्हा दौंडला दवाखान्यात आले. जखमेची भीती होतीच, पण जास्त भीती वेगळीच. असला पाय घेऊन स्वैपाकात कोण उभं राहू देईल? काम गेलं की खोली सोडायची आणि गावी परत.

आधी कलर डॉपलर केली. म्हणजे पायाची सोनोग्राफी. गार जेल लावून आतलं रक्त कसं धावतं ते बघतात. शिरा खराब निघाल्या, पण पायाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चांगल्या होत्या. म्हणून दाबाची पट्टी बांधायची ठरली. तुम्हालाही असं काही झालं तर ही तपासणी झाल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नका.

दर मंगळवारी ड्रेसिंग. सिस्टर जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरायच्या आणि मार्करनं कडेकडेनं रेघ काढायच्या. रेघेचा गोल लहान झाला की जखम भरतेय. रात्री पट्टी सोडायची, सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी बांधायची. कशी बांधायची ते सिस्टरांनी दाखवलं होतं, पण घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात किती राहतं?

तिथंच हिराबाई भेटल्या. खुटबावच्या, साठीच्या. जखम माझ्याएवढीच, त्याच घोट्याला, आणि सुरुवातही त्याच मंगळवारी. दोघं नवराबायको डेमू रेल्वेनं यायचे. सिस्टरांचं ड्रेसिंग झालं की आप्पा, म्हणजे त्यांचे मालक, फरशीवर मांडी घालायचे, बायकोचा पाय मांडीवर घ्यायचे आणि स्वतः पट्टी बांधायचे. सगळ्यांदेखत.

बाकावरचा एक जण म्हणाला, “आप्पा, म्हातारपणी बायकूच्या पाया पडायला लागला व्हय?”

“पडतो की! माझ्या मेंढरांमागं चालून चालून झिजल्यात ह्ये पाय. तवा न्हाई आलास तू पट्टी बांधाया.”

सगळे हसले. मी नाही हसले. आमच्याकडं नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. माझ्या नवऱ्याला पट्टी बांधायचं विचारलं तर तो डबा उचलत म्हणाला होता, “सिस्टर हायत ना?” आणि ड्युटीला गेला होता. त्याचाही नाइलाज, हे कळत होतं. तरी ती मांडी बघून मी आतून जळायचे.

महिनाभरात हिराबाईंचा गोल निम्म्यावर आला. माझा होता तेवढाच. सिस्टर दोन्ही प्लास्टिकं खिडकीपाशी धरायच्या. मी माझं बघायच्या आधी त्यांचं बघायचे. एखाद्या मंगळवारी त्यांचा गोल मोठा निघू दे, असं मी मनात म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं.

मग मी हट्टाला पेटले. रोज ढीगभर कणीक तिंबणारे हात माझे. म्हाताऱ्याच्या हातापेक्षा जोर जास्त. जेवढी घट्ट तेवढी लवकर भरेल, असा हिशेब करून मी पट्टी गच्च ओढली. दुपारी ओट्यापाशी पायाची बोटं बधिर झाली. बघितलं तर निळी पडलेली. तरी सोडली नाही. दोन दिवस तशीच बांधत राहिले.

मंगळवारी सिस्टरांनी पट्टी सोडली. नडगीवर खोल वळ आणि एक नवा फोड. डॉक्टर चिडले. “घट्ट बांधली म्हणून लवकर बरं होत नाही! बोटं गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या, तर पट्टी तिथल्या तिथं सोडायची आणि इकडं यायचं. पाय घालवायचाय का?”

माझा गोल मोठा निघाला. आणि हिराबाईंची जखम त्याच दिवशी बुजली. त्यांना आता फक्त दाबाचा मोजा घालायचा होता.

मी बाकावर बसून रडले. हिराबाई शेजारी आल्या. “कोण बांधतं गं तुला?”

“मीच.”

त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा खाली बघत म्हणाले, “परक्याच्या लेकीच्या पायाला म्या कसा हात लावू?” तेव्हा हिराबाईंनी काय करावं? घातलेला नवाकोरा मोजा काढला, बरा झालेला पाय आप्पांच्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, “माझ्या पायावर बघ, तुझ्या पायावर बांध.”

आप्पा एकेक वेढा घेऊन थांबायचे. “बोटांपासनं सुरू. टाच झाकायची. मागच्या वेढ्यावर निम्मा वेढा. मेंढीचा मोडका पाय बी असाच, खुरापासनं वर. आन् वढू नगंस. मेंढी बोलत न्हाई म्हणून आमी हात हलका ठेवतो. तुला तर तोंड हाय!”

सिस्टर वरून बघत होत्या. “आता जमलं,” त्या म्हणाल्या. डेमू निघून गेली होती. ते दोघं पुढच्या गाडीपर्यंत थांबले, आणि पुढच्या मंगळवारी काम नसतानाही आले.

मेस चालवणाऱ्या मामांना मी खरं सांगून टाकलं. त्यांनी कामावरून काढलं नाही, पण जखम बुजेपर्यंत स्वैपाकात यायचं नाही म्हणाले. तोवर बसून भाजी निवडायला दिली. दुपारी पाय उशांवर उंच ठेवून पडायचे. पाच महिने लागले. एका सुट्टीला नवरा म्हणाला, “दे, मी बांधतो.” त्यानं गुडघ्यापासून खाली सुरुवात केली. “अहो, मेंढी असती तर पळून गेली असती,” मी म्हटलं. तो हसला, पण पुन्हा हात लावला नाही. हिराबाईंचा हेवा अजून वाटतो. तो काही पट्टीनं बरा होत नाही.

आता ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून लाटते. मोजा रोज घालते, कारण शिरा गळक्याच राहणार. परवा तपासणीला गेले तर बाकावर एक नवी बाई होती, पाटसकडची, एकटीच. तपासणी झाल्यावर मी मोजा चढवत होते, तेव्हा जखम बुजलेला माझा घोटा ती टक लावून बघत होती. ती नजर माझ्या ओळखीची होती.

मी मोजा पुन्हा काढून पिशवीत ठेवला. सिस्टरांकडून एक पट्टी मागून घेतली आणि तिच्याजवळ सरकून बसले.