डावीकडची शेरडं

आईला मी सोलापूरला आणलं तेव्हा तिच्या पोटातली गाठ मुठीएवढी झाली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आता कापण्यात अर्थ नाही. घरीच ठेवा.’ घर म्हणजे शाळेमागची माझी मास्तराची एक खोली. शेजारी विणकरांचे माग दिवसभर खडखडत. माढ्याकडच्या माळावर जन्म काढलेली माझी आई तिथे भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

मी धनगराचा मुलगा. मिशनच्या बोर्डिंगात शिकलो आणि विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर वडील माझ्याशी बोलले नाहीत, न बोलताच गेले. आई बोलत राहिली. बाप्तिस्म्याशिवाय माणूस गेलं तर पुढे भेट नाही, असं मी शिकलो होतो, चार लोकांना शिकवतही होतो. मला आई मेल्यावरही हवी होती. तिनेही डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घ्यावं म्हणून मी मागे लागलो, त्याला याहून मोठं कारण नव्हतं.

आता माझा शहाणपणा बघा. मेंढरं राखणाऱ्या बाईला मेंढरांचंच आवडेल, म्हणून शुभवर्तमानातला न्यायाच्या दिवसाचा अध्याय निवडला. राजा मेंढपाळासारखा कळप निवडील, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. उजवीकडच्यांना राज्य, डावीकडच्यांना कायमची आग. मोठ्या झोकात वाचलं.

आईने मान वळवली. ‘शेरडांनी काय केलं?’

‘आई, ही माणसांची गोष्ट हाय.’

‘ते कळलं की. पर शेरडंच का?’

आमच्यात मेंढरांच्या प्रत्येक कळपात थोडी शेरडं असतातच. घरच्या पोरांना दूध त्यांचं. ज्याची आई मेली ते कोकरूही शेरडीलाच पाजायला लावतात. वाटेने पुढे शेरडं चालतात आणि मेंढरं खाली मान घालून मागून येतात. रात्री बसायला सगळ्यांना एकच जाळीचं कुंपण. हे मला पाठ असायला हवं होतं. बोर्डिंगात मी ते साफ विसरलो.

‘तुझ्या येळंला माझ्या अंगावर दूध न्हवतं,’ आई म्हणाली. ‘काळ्या शेरडीवर जगलास तू. ती कुनीकडं गेली?’

मी पाद्रीसाहेबांकडे धावलो. शुभवर्तमान मुळात ग्रीकमधलं, आणि त्यांना ग्रीक येत होतं. मूळ शब्द एखाद्या रानटी, दुष्ट जनावराचा निघेल आणि चूक ते मराठीत आणणाऱ्यांची ठरेल, अशी माझी वेडी आशा. साहेबांनी हौसेने जाडजूड कोश उघडला. ‘एरिफोस,’ ते म्हणाले. ‘शेरडू म्हणण्यापेक्षा करडू म्हणा. शेरडीचं पिल्लू.’ शब्द नेमका सापडल्याचा त्यांना केवढा आनंद! मला रडू फुटलं. मूळ भाषा ऐकून माझं मन भरून आलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

परतताना ‘लांडगा’ असं सांगावं, हेसुद्धा मनात येऊन गेलं. खोलीत पाऊल टाकताच आईने विचारलं आणि माझ्याने खोटं बोलवलं नाही.

‘करडू,’ मी म्हणालो.

‘दूध पिनारं?’

‘व्हय.’

तिने परत भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, ‘तुज्या देवानं मेंढरं राखल्याली न्हाईत. तू जा बाबा उजवीकडं. मी करडांपाशी थांबते. त्यांच्यापाशी कुनीतरी पायजे की.’

मी तिचे पाय धरले. म्हणालो, ‘आई, ज्यांनी भुकेल्याला घास दिला, तेच उजवीकडं जात्यात, असंच लिवलंय. तू किती जनांना भाकर दिलीस! तू उजवीकडचीच की.’

‘मग डोक्यावर पानी कशाला पायजे?’

त्या एका प्रश्नाने माझी सगळी मास्तरकी संपली. आजवर मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. साहेबांना विचारण्याचा धीरही झाला नाही, न जाणो त्यांच्याकडेही नसायचं.

आठ दिवसांनी भर दुपारी आई गेली. पाणी तिने घेतलं नाही. गावाकडून माझा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि भावकीने तिला माळावर पुरलं. मी माती लोटायला वाकलो, तसा भावाने माझा हात धरला. ‘तू बाटल्याला. बाजूला हो.’

मी बाजूला झालो. तिथून आईचं तोंड दिसलं नाही, आणि पुढे कधी दिसेल असंही मला वाटत नाही.