पेन्सिलीतलं नाव

सातबाऱ्यावर वारसाचं नाव आधी पेन्सिलीने लिहायचं आणि मंडळ अधिकाऱ्याची सही झाली की त्यावर शाई फिरवायची, ही आमच्या तहसीलची जुनी रीत. तलाठ्याची बदली झाली की शाई राहून जायची. पेन्सिलीतली नावं वर्षानुवर्षं तशीच नांदायची, आणि कुणाचं अडायचं नाही.

डोंगरकड्याकडची एक बाई नवरा गेल्यावर आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आली होती. तिला वाचता येत नव्हतं. "इथं बोट ठेवा, हे तुमचं नाव," मी म्हणालो. तिने बराच वेळ बोट उचललंच नाही. मला चहाला उशीर होत होता, म्हणून मी वही ओढून घेतली.

मग संगणक आले. एकेका गावाचे सातबारे भराभर त्यात चढवून संपवा, नाहीतर नोटीस. वरून तोंडी हुकूम आला की शाईचं तेवढं चढवा, पेन्सिलीचं नंतर बघू. ते 'नंतर' आलंच नाही. तिचं पान माझ्याच टेबलावर आलं. जमीन नवरा आणि दीर यांच्या सामाईक नावावर; दिराचं नाव शाईत, नवऱ्याच्या नावाला शाईने कंस केलेला, म्हणजे तो कमी झाला. तिचं नाव पेन्सिलीतच होतं. मला ते ओळखू आलं. तलाठ्याला एक फोन करायला किती वेळ लागला असता? मी केला नाही. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं. खाली 'तपासले' लिहून सही ठोकली. पुढे पानं स्कॅन झाली आणि वह्यांचे गठ्ठे गळक्या खोलीत कुजून गेले.

गेल्या वर्षी ती पुन्हा आली. दीर शेत विकायला निघाला होता, आणि संगणकातल्या सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव होतं.

"मावशी, रेकॉर्डला तुमचं नाव नाही."

"काहून न्हाई? तुमीच तर बोट ठेवायला लावलं व्हतं."

मी स्कॅन केलेलं जुनं पान उघडलं. पेन्सिल त्यात उमटलीच नव्हती. तिने पदराने स्क्रीन पुसली आणि बरोबर त्याच कोऱ्या जागी बोट ठेवलं.

"इथंच व्हतं, साहेब."

तिच्या बोटाखाली दोन ओळी सोडून माझी सही होती. शाईची होती, ठळक आली होती. तिला वाचता येत नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं.