दीड अँपिअर

लोडशेडिंगच्या दिवसांत सदाशिव पेठेतल्या माझ्या इन्व्हर्टरच्या दुकानात एक गृहस्थ आले. बायकोला श्वास कसा पुरत नाही ते सांगू लागले. पेठी सवयीने मी त्यांना तोडलं, "अहो, आजार राहू द्या, अँपिअर सांगा."

ते ओशाळले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यांनी चिठ्ठीवर गुणाकार मांडला. ऑक्सिजनचं यंत्र, दोनशे तीस व्होल्ट गुणिले दीड अँपिअर, म्हणजे तीनशे पंचेचाळीस वॅट. खाली पंखा आणि दिवा मिळून शंभर. मोठी बॅटरी मागवायचं ठरलं.

ती यायच्या आतच ते पुन्हा आले. चिठ्ठी तीच, फक्त वरची ओळ पट्टी धरून खोडलेली.

"लहान बॅटरी चालेल. आता शंभरच वॅट."

"का हो?"

"ते राहू द्या," ते म्हणाले. "तुम्हाला अँपिअरच हवेत ना?"