मागच्या दारात कापूस

आमच्या घराच्या खोल्या एका रांगेत आहेत. पुढं ओसरी, मग बैठक, बैठकीच्या मागं स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं आत्याबाईंची खोली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, काठी टेकत आणि भिंत धरत चालतात. त्यांच्या खोलीला परसात उघडणारं एक दार आहे. त्या दारातून त्या सकाळी उन्हाला बसायला जातात, तिथूनच मोरीकडं जातात. म्हणजे दिवाळीपर्यंत जातात. दिवाळी झाली की ते दार कापसाखाली गडप होतं ते पार उन्हाळा लागेपर्यंत. मग आत्याबाईंना बाहेर पडायला एकच वाट उरते, माझ्या स्वयंपाकघरातून, गॅसच्या ओट्याला घासून.

कापूस घरात भरणारे आम्ही एकटे नाही. भाव पडलेला असला की गावात घरोघरी हीच गत. कुणाच्या पलंगाखाली कापूस, कुणाच्या देवघरापुढं, कुणाच्या तर नव्या नवरानवरीच्या खोलीत. माणसं कोपऱ्यात सरकतात आणि कापूस पाय पसरून बसतो. आमच्याकडं तो थेट माळवदाला टेकतो. अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, आणि तुसं उडून भाकरीवर बसतात. तुसं येऊ नयेत म्हणून मी स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधे जुन्या साडीचा पडदा लावला होता. पडद्याचा उपयोग एवढाच झाला की जळायला आणखी एक वस्तू वाढली.

कापसावर माझा राग नाही. लेकीचं शिक्षण कापसानंच केलंय. राग होता तो त्या बुजलेल्या दाराचा. मी शाळेत शिकवते. आपत्ती व्यवस्थापनाचा तास असला की घंटा वाजवून पोरांना वर्गातून मैदानात नेते, दारात दप्तर ठेवणाऱ्याला दम देते. "बाहेर जायची वाट कधी अडवायची नाही," हे वाक्य पोरांकडून घोकून घेते. आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर अडवलेली वाट माझ्याच घरात, तीही पांढरीशुभ्र.

"अहो, ढीग जरा अलीकडं ओढा. दार तेवढं मोकळं ठेवा," मी मालकांना म्हणायची. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात, आणि कापसाच्या दिवसांत ते जास्तच खरं वाटतं.

"दाराला टेकला म्हणून तर ढीग उभा हाय. दार उघडलं की समदा परसात येईल."

"स्वयंपाकघरात काही पेटलं तर आत्याबाई निघतील कुठून?"

"काहून पेटंल? आजवर पेटलं का?"

याला काय उत्तर द्यायचं? ज्याचं घर जळतं त्याचंही आदल्या दिवसापर्यंत जळालेलं नसतं. पण हे बोलले की माझ्या तोंडात अभद्रच येतं असं ठरायचं. मग मालक छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मी हाय ना." हे 'मी हाय ना' सकाळी जे मोटारसायकलवर बसून वारंगा फाट्याला जायचं ते जेवायलाच परत यायचं.

आणि ज्यांच्यासाठी मी भांडत होते त्या आत्याबाई? त्या लेकाच्याच बाजूच्या. "राहू दे वं पोरी. कापूस घरात असला की घर भरल्यावाणी वाटते. मी राखण करून राहिले ना." राखण कशी, तर कापसाच्या ढिगापासून हातभर अंतरावर डासांची अगरबत्ती लावून! मी ती विझवायची, त्या परत लावायच्या. मी काडेपेटी लपवली तर शेजारणीकडून दुसरी आली. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतावं माणसानं.

शेवटी माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. गॅसची नळी बदलून घेतली. तळण करायचं तर कढईत निम्म्याच्या खाली तेल, आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. कणीक मळायची पितळी परात मांडणीवरून काढून ओट्याशेजारी खिळ्याला अडकवली, एका हाताला येईल अशी. मालक म्हणाले, "ही काय ढाल टांगली?" म्हटलं, हो, ढालच आहे.

महाशिवरात्रीला मालक औंढ्याला दर्शनाला गेले आणि येताना दोन पाव्हणे घेऊन आले. उपवासाचे, भुकेले. मी साबुदाणा वड्यांसाठी शेंगदाण्याचं तेल तापत ठेवलं. तेवढ्यात बैठकीतून हाक आली, "अवं, पाव्हण्यायला पाणी आण."

पाण्याचा माठ बैठकीतच होता. मालकांनी नुसता हात लांब केला असता तरी पेला बुडाला असता.

"तेल तापतंय माझं. माठ तिथंच आहे," मी आतून सांगितलं.

"ये जरा! लोक काय म्हनतील?"

मी गेले. तापतं तेल सोडून हलायचं नाही हेही मी पोरांना शिकवते, पण मालकांची हाक आली की शिकवलेलं काही आठवत नाही. पाणी दिलं, तर एका पाव्हण्याला माझ्या शाळेची पटसंख्या जाणून घ्यायची होती. दुसऱ्याच्या मेहुणीची बदली अडली होती, ती कशी सुटेल हे मला विचारायचं होतं. तोंडानं हो-हो करत मी उठायला बघत होते, मालक "बस की" म्हणत होते, आणि मग वास आला. पाठोपाठ भक् असा आवाज.

धावले. कढईतलं तेल पेटलं होतं. ज्वाळा वरच्या फळीपर्यंत गेली होती, हळदीचा डबा काळा पडत होता. ओटा संपतो तिथंच मागच्या खोलीचा उंबरा. पडद्याचा काठ आगीच्या धगीनं आक्रसून वर चढत होता आणि पडद्यापलीकडं आत्याबाई चौकट धरून उभ्या होत्या. त्यांना पुढं यायला आग, मागं जायला कापूस. त्या नुसत्या बघत होत्या.

माझ्यामागून मालक आले. "कापूस! कापूस!" असं ओरडतच आले. पोरांच्या खेळात राज्य आल्यावर ओरडावं तसं. आणि आल्या आल्या त्यांनी पाण्यानं भरलेली बादली उचलली.

"पाणी नको!" मी किंचाळले. पेटल्या तेलात पाणी पडलं तर तेल उसळून घरभर उडतं, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. पण तेव्हा सांगायला वेळ नव्हता. मी त्यांना कोपरानं असं ढकललं की बादली त्यांच्याच धोतरावर सांडली. लग्नानंतर त्यांच्या अंगाला मी रागानं हात लावला तो तेवढाच, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. गॅसचं बटण बंद केलं. परात खिळ्यावरून काढली, आपल्या बाजूनं पलीकडं सरकवत कढईवर घातली. कडेनं दोन जिभा बाहेर आल्या आणि मेल्या. मग पडदा ओढून भांड्यांच्या मोरीत टाकला आणि त्यावर मात्र पाणी ओतलं.

भीती मला तेव्हा वाटली, आधी नाही.

एक पाव्हणा पुढं झाला आणि परात उचलायला लागला. "इजलं का बघतो."

"हात लावू नका! गार होऊ द्या!" मी इतक्या जोरात ओरडले की तो बिचारा बैठकीत जाऊन बसला. झाकण काढलं की गरम तेल पुन्हा पेट घेतं. पण आमच्याकडं झाकलेलं काहीही उघडून बघितल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही.

आणि मालक? मालक मागच्या खोलीकडं निघाले. चौकटीत आत्याबाई अजून तशाच उभ्या होत्या, एका हातानं लाकूड धरून, दुसऱ्या हातातली काठी खाली पडलेली.

"माय, सरक," मालक म्हणाले.

आत्याबाई भिंतीला अंग लावून बाजूला झाल्या. मालक आत गेले, ढिगात दोन्ही हात घातले, खाली वर चाचपून बघितलं, वास घेतला आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "काही झालं न्हाई! वाचला!"

मी काठी उचलून आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर गावभर सल्ल्यांचं पीक आलं. एक म्हणाली मीठ टाकायचं होतं, एक म्हणाली माती. एका शहाण्यानं सांगितलं की गॅस ही चीजच खराब, चूल बरी. मालक प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होते, "थोडक्यात वाचला बघा." समोरचा घाबरून विचारायचा, कोण? मालक म्हणायचे, कापूस. मी पुन्हा दाराचा विषय काढला तर म्हणाले, "आता इजली ना? मंग?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभालाही काही झालं नव्हतं.

आत्याबाई त्या दिवशी उपाशीच झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "माझी बाज भाईर काढ. लिंबाखाली टाक."

"उन्हाला बसता?"

"न्हाई. ऱ्हाते."

लिंब आमच्या दारापुढं, अगदी रस्त्याला लागून. बाज टाकली, वर गोधडी, उशाला तांब्या. आत्याबाई बसल्या आणि गाव जागं झालं तसं त्यांना बघायला लागलं. शेतात जाणारी प्रत्येक बाई थांबायची.

"काहून वं आत्या, भाईर?"

"आत जागा न्हाई, माय. कापसाला तकलीफ व्हते माझी."

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पुढं जाऊन चार जणींना सांगायच्या. मालक दुपारी आले तेव्हा फाट्यापर्यंत बातमी पोचलेली होती. घाईनं आत आले आणि माझ्यावरच उखडले, "तू बसवलं का तिला?" मी म्हटलं, माझं ऐकलं असतं कुणी तर कापूसच बाहेर बसला असता. जेवायला बसताना त्यांनी दारातून हाक दिली, "माय, जेवली का?"

"कापसाला इचार," बाजेवरून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशीही त्या आत आल्या नाहीत, तिसऱ्याही नाहीत. मी ताट बाहेर नेत होते, रात्री शेजारी खाट टाकून झोपत होते. वैताग मला त्यांचाही येत होता. सगळा हिवाळा मी हेच सांगत होते तेव्हा "राहू दे वं" म्हणणाऱ्या ह्याच. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं की मी गप्प व्हायची. त्या रुसल्या नव्हत्या. रुसलेल्या माणसाला कुणीतरी समजूत काढावी असं वाटतं. त्यांना तसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी मालक बाजेजवळ उकिडवे बसले. मी ओसरीत भाजी निवडत होते.

"माय, आठ दिवस थांब. भाव येऊन राहिला."

"थांबते की. तुला कोन घाई करून राहिलं?"

"मंग आत चल. लोकं मला नावं ठेवून राहिले."

आत्याबाईंनी मांडीवरची गोधडी सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला पळता येत असतं तर आतच राहिले असते, बापा."

मालक उठले आणि घरात गेले. मी भाजी घेऊन आत आले तर ते मागच्या खोलीच्या चौकटीत उभे होते, आत्याबाई त्या दिवशी उभ्या होत्या तिथंच. एकदा कापसाकडं बघत होते, एकदा काळ्या पडलेल्या फळीकडं. मग त्यांनी फोन काढला आणि गाडीवाल्याला सकाळीच यायला सांगितलं. भाव विचारला नाही.

गाडी भरायला अर्धा दिवस गेला. गाठोडी बांधून कापूस स्वयंपाकघरातूनच बाहेर न्यावा लागला. माझ्या सगळ्या भांड्यांवर तुसं बसली, आणि एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी मी आपणहून भांडी उचलून वाट मोकळी करून देत होते. शेवटचं गाठोडं निघालं तेव्हा दार दिसलं. कडी गंजून बसलेली. मालकांनी तेल सोडलं, दगडानं ठोकली, खांद्यानं रेटलं आणि दार उघडलं. खोलीत एवढा उजेड आला की कोपऱ्यातलं उंदराचं बीळसुद्धा दिसलं.

मी आत्याबाईंना आणायला गेले. त्या पुढच्या दारानं आल्याच नाहीत. घराला वळसा घालून, काठी टेकत टेकत परसात आल्या, मागच्या दारानं आत गेल्या, खोलीभर बघितलं आणि परत वळल्या. मी शाळेत पोरांना वर्गातून बाहेर काढून बघते तसंच चाललं होतं.

मालक तोवर त्याच उघड्या दारात येऊन उभे होते. एका हातानं दाराची फळी धरलेली, कपाळावर घाम, अंगभर कापूस.

आत्याबाई त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.

मालक सरकले.