चिमीचं तेल

आमच्या देवांनी एका एकादशीला माशाच्या तेलाचा दिवा पाहिला, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

त्या काळी मी हिंगणीच्या शाळेत मास्तर होतो. गावाला आरोग्याचे धडे शिकवायचो, आणि घरात माझीच चिमी अडीच वर्षांची झाली तरी धड चालत नव्हती. पाय धनुष्यासारखे बाकलेले. माझ्या मायने नजर लागेल म्हणून तिला जन्मापासून अंगणात म्हणून उतरू दिलं नव्हतं. शेवटी मी तिला वर्ध्याला डॉक्टरांकडे नेलं.

"मुडदूस आहे," डॉक्टर म्हणाले. "हाडं मऊ पडलीत. हे माशाचं तेल रोज एक चमचा दुधातून पाजा आणि सकाळी उघड्या अंगानं उन्हात बसवा. महिन्यानं दाखवा. फरक पडला नाही तर पायांना पट्ट्या बांधाव्या लागतील."

पट्ट्यांचं ऐकून मी लगेच तेलाची बाटली विकत घेतली. पण बसमध्ये बसल्यावर खरी पंचाईत लक्षात आली. घरी सांगायचं कसं? आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याबाहेर! मायला मासा म्हणालो असतो, तर बाटलीसकट मीही बाहेर गेलो असतो.

"काय आणलं रे?" मायने दारातच विचारलं.

"विलायती तेल आहे माय. हाडांसाठी. आणि हिले रोज उन्हात बसवायचं." (एवढं बोललो आणि शाळेची घंटा झाली. मी पळालो. मास्तरला घंटेचा एवढा आनंद कधी झाला नसेल!)

संध्याकाळी घरी येतो तर काय, चिमी डोक्यापासून पायापर्यंत चकाकत होती.

"माय! हे काय केलं?"

"काय म्हंजे? तेल माखलं! उन्हात मुरू देलं दोन घंटे. तूच त म्हने, उन्हात बसवजो."

"अगं, ते पोटात..."

"पोटात? एवढं वास मारते आन् पोटात? कशाचं हाये थे?"

मी बायकोकडे पाहिलं. सुमन पदराने नाक दाबून उभी होती. तिला वासावरून केव्हाच कळलं होतं.

"जडीबुटीचं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मांजरं यायला लागली. आधी शेजारचं एक, मग तीन, आठवड्याने अख्ख्या हिंगणीची मांजरं आमच्या अंगणात! चिमीचे पाय चाटायची आणि पळायची. चिमी खिदळत आधी रांगत, मग भिंत धरून त्यांच्या मागे. ऊन चढलं तरी पोरगी घरात यायला तयार नाही.

"मांजरायलेबी लळा लागला पोरीचा," माय कौतुकानं सांगायची.

मी आतून पार खचलो होतो. औषधाचा एक थेंब पोरीच्या पोटात जात नव्हता. पट्ट्या बांधल्या तर त्या माझ्या भित्रेपणामुळे! गुपचूप पाजावं म्हटलं, तर मायने बाटली देवघरात, स्वतःच्या नजरेसमोर नेऊन ठेवलेली. आणि एकादशीला घरभर असा काही वास सुटला की मी धावत देवघरात गेलो.

"माय, दिव्यात कोणतं तेल घातलं?"

"थेच! पोरगी उभी राहून राह्यली, देवाले नको द्यायले?"

सुमन म्हणाली, "अवो, आता तरी सांगा ना!"

मी फक्त देवांना हात जोडले.

महिना झाला. माय हट्टाने वर्ध्याला सोबत आली. डॉक्टरांनी चिमीला खाली सोडलं, तर ती तुरुतुरु दारापर्यंत चालत गेली! माझे डोळे भरून आले.

"छान! तेल पिते ना नीट?"

"पिते?" माय म्हणाली. "डाक्टरसाहेब, थे माखाचं तेल ना?"

"नाही हो आजी, पाजायचं. माशाच्या काळजाचं तेल आहे ते!"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकली आणि पोट धरून हसले. "म्हणजे गुण उन्हाचा! आजी, तुमच्या दोन तासांनी काम केलं. आता मात्र चमचाभर पाजाच."

परतीच्या बसमध्ये पवनार गाव आलं, तशी माय माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "लेकरासाठी मासोळी काय, मी मगरबी पाजली असती. काऊन नाई सांगतलं मले?"

"भ्यालो माय."

"पोरीचे पाय मऊ होते, बाप्पा. तुहा त कनाच मऊ हाये! उद्यापासून तूबी चमचाभर घेजो."

चिमीचे पाय पुढे छान सरळ झाले. मायने देवांना दुधाने न्हाऊ घातलं आणि मला रोज समोर बसवून तेल पाजलं. तशा तीन बाटल्या संपवल्या मी, पण मायपुढे ताठ उभं राहणं काही शेवटपर्यंत जमलं नाही!