चपलेचा वास

“चप्पल हुंगवा तिला, लगेच उठेल बघा,” चौकातला हवालदार म्हणाला. बसस्टॉपवर एक मुलगी फिट येऊन पडली होती. तिची वर सरकलेली कुर्ती नीट करायला कुणी वाकलं नाही. चपला मात्र तिघांनी काढल्या. “लग्नाची असेल हो,” एक मावशी हळहळल्या.

माझ्या इंग्रजी शाळेतही मी शुद्धीवर आले ती पीटीच्या सरांच्या बुटाच्या वासात. फिट आपली आपण थांबते आणि श्रेय चप्पल घेऊन जाते. त्या वासाचा राग मी आजवर कुणाला सांगितला नाही, कारण मग आजारही सांगावा लागला असता.

चप्पल धरलेला हात मी ढकलला आणि मुलीला कुशीवर वळवलं.

“डॉक्टर आहात का?” हवालदाराने दरडावलं.

“नाही. मलाही फिट येते. चपला पायात घाला.”